बांधावरचं गाजर गवत

माझा राग वाईट आहे, हे आधीच सांगते. चुलत दिराच्या मनगटाला मी चावले तेव्हा दात हाडाला लागले होते. त्याचा पस्तावा मला तेव्हा नव्हता, आजही नाही.

भांडण गाजर गवताचं. आमच्या आणि त्याच्या शेतामधल्या बांधावर ते कमरेइतकं माजायचं. पांढरा फुलोरा आला की माझ्या लेकीची छाती भरायची, तिला आडवं पडता यायचं नाही. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी ॲलर्जी सांगितली, गोळ्या लिहिल्या आणि तोंडात दाबायचा श्वासाचा पंप दिला. फुलोरा आहे तोवर रोज सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा दाबायचा. मेडिकलवर मी मोठ्या ऐटीत दवाखान्याचं सरकारी कार्ड काढलं. दुकानदार म्हणाला, "मावशी, हे भरती झालेल्या पेशंटले. पंपाले नाई चालत." दुसरा कुठला विमा आमच्या घराण्यात कोणी पाहिलेला नाही. मग मी लोकांच्या शेतात मिरची तोडायला जायला लागले, आणि त्यातून पंप यायचा.

पुढं पंप जास्त दिवस पुरायला लागला. मला वाटलं, पोरीला आराम पडला. मूर्ख मी! एका सकाळी तिची घरघर ऐकून विचारलं, "पंप दाबला काय?"

ती मान खाली घालून म्हणाली, "मी एकडावच दाबतो माय, ते बी संध्याकाळी. मिरचीनं तुह्ये हात जळते ना."

मी विळा उचलला आणि तडक बांधावर गेले.

आमच्याकडे बांधावरचं गवत जो कापतो तो बांधावर हक्क सांगतो, असं धरतात. मला ते माहीत होतं. म्हणून तर दिराला तीनदा विनवलं होतं, "भाऊजी, कापून टाका ना." तो दरवेळी "पाहू" म्हणायचा. नवरा म्हणायचा, "भावाभावात कायले वाद?" खड्ड्यात गेला तो बांध! हाताला फडकं गुंडाळून मी दिसेल ते कापत, उपटत सुटले.

दीर कुदळीचा दांडा घेऊन धावत आला. "गवताच्या नावानं बांध खाऊन राह्यली काय वैनी?"

"थुंकते मी तुह्या बांधावर! पोरीचा जीव जाऊन राह्यला अथी!"

त्यानं केस धरून मला ओढलं. मी विळा लांब फेकला, कारण हातात राहिला असता तर चालवलाच असता. मग चावले. तो बोंबलला आणि दांडा माझ्या डोक्यात बसला. रक्त डोळ्यांत उतरलं, तरी मी त्याच्या तोंडावर माती मारली, पोटात लाथ घातली. लेक ओरडत पळत आली आणि उपटलेल्या फुलोऱ्यातच कोसळली. तिचा श्वास अडकला. तिनं पंप तोंडात धरला, एकदा दाबला आणि ओढणीत गुंडाळून ठेवायला लागली.

"दाब ना आनखी एकडाव!" मी किंचाळले. "मरतं काय?"

दिरानं हातातला दांडा खाली टेकवला.

मला भरती केलं. नवऱ्यानं 'पाय घसरून पडली' म्हणून सांगितलं. टाके, सलाईन, डोक्याचा फोटो, सगळं कार्डावर झालं, रुपया लागला नाही. मी डॉक्टरांना म्हणाले, "माह्या नावावर पोरीचा पंप लिवून द्या." ते म्हणाले, तसं होत नाही. इतका संताप आला की वाटलं टाके तडकतील.

सुट्टी झाली त्याच दिवशी डोक्याच्या पट्टीसकट बांधावर गेले. अर्धं गवत अजून उभंच होतं. दीर आला. त्याच्या मनगटालाही पट्टी होती, आणि हातात तोच दांडा.

मी डोकं पुढं केलं. "हाण. डोक्याले कार्ड चालते. पोरीच्या पंपाले चालत नाई."

त्याचा दांडा वर उठला नाही. मी खाली वाकले आणि पुढचं झुडूप उपटलं.