आक्कांच्या मापाची आळी

पोलादपूर तालुक्यात म्हातारी माणसं मुबलक आहेत, पण म्हातारपणाची मोजमापं घेऊन ठेवलेला माणूस एकच, आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला आहे. हे कौतुकानं लिहिताय की तक्रारीनं, असं बायकोनं विचारलं. निम्मं निम्मं, असं मी सांगितलं. मामा जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले. वय बाहत्तर. ते स्वतः एकाहत्तर सांगतात, पण जन्मदाखला मी पाहिलेला आहे. नोकरीत लोकांचे बांध मोजले, आता पायऱ्या मोजतात. सदऱ्याच्या खिशात पोलादी टेप असते आणि ती कुठं निघेल याचा नेम नसतो. कोणाकडेही गेले की चहाच्या आधी उंबरठा. "नऊ इंच? ही पायरी आहे का आंबेनळी घाट? आंबेनळीला निदान कठडे तरी आहेत." एकदा आम्ही एका मयताच्या घरी भेटायला गेलो होतो. सगळे मान खाली घालून बसलेले. मामा हात धुवायला म्हणून मोरीत गेले ते येईचनात. मग आतून टेप सर्रकन गुंडाळल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वडील हार्टनं गेले, त्याला इलाज नव्हता. पण आई या मोरीच्या कठड्यावरनं पडून जाईल, त्याला आहे. उद्या गवंडी पाठवतो." आणि पाठवला. तेराव्याच्या आधी मोरीत धरायला दांडा लागला. त्या घरचे लोक पुढं तीन महिने मामांशी बोलत नव्हते. दांड्याला मात्र सगळे धरत होते.

आपण अजून म्हातारे झालेलो नाही, हे मामांचं ठाम मत असल्यामुळे महिन्यातून एकदा ते मुद्दाम म्हातारे होऊन बघतात. दोन्ही नडग्यांना दोन-दोन किलो नाचणीच्या पिशव्या बांधायच्या, कानात कापूस कोंबायचा, चष्म्याच्या काचांवरून गोडेतेलाचं बोट फिरवायचं आणि या थाटात एसटी स्टँडपर्यंत जाऊन यायचं. एकदा डाव्या पायाची पिशवी फाटली. कापसामुळे मामांना ऐकू येईना आणि तेलामुळे दिसेना. मागून कोंबड्या जमत गेल्या. मी स्टँडवर पेपर घ्यायला आलो होतो, तेव्हा मोजल्या: नऊ. महाबळेश्वरच्या गाडीचा कंडक्टर दारातून ओरडला, "मामा, तुमचं हाफ, पण कोंबड्यांचं फुल लागंल!" मामांनी कानातला कापूस काढला, मागं पाहिलं आणि मला शांतपणे म्हणाले, "लिहून ठेवा जावईबापू. पाटीवरची अक्षरं दिसत नाहीत, आणि दोन ट्रकांच्या मधे जेवढी फट मिळते तेवढ्यात माणूस निम्माच रस्ता ओलांडतो." कोंबड्यांबद्दल त्यांनी काही लिहायला सांगितलं नाही. ती नोंद माझी.

त्यांचं अंतराचं मापही स्वतःचं आहे. मीटर, फूट ही तरुणांची मापं. म्हाताऱ्याचं माप म्हणजे दम. माणूस न थांबता जेवढं चालतो तेवढा एक दम. आमच्या आळीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याचा दम त्यांच्या वहीत आहे, पण प्रमाण म्हणून त्यांनी धरला तो आक्कांचा. आक्का म्हणजे आमच्या आळीच्या अगदी वरच्या घरात एकट्या राहणाऱ्या बाई, वय ब्याऐंशी, जीभ पंचविशीतली. बाजारपेठेपासून त्यांच्या दारापर्यंत सगळा चढ. "किती लांब हो घर?" असं कुणी विचारलं की मामा सांगायचे, "आक्कांच्या दमानं चार दम." माझा असल्या मापावर विश्वास नाही, म्हणून एक दिवस आक्कांच्या मागून चालत मी पावलं मोजली. दोनशे बत्तीस. दर अठ्ठावन्न पावलांना बाई कुणाच्यातरी भिंतीला हात लावून उभ्या राहत होत्या. मामांचा हिशेब एका पावलानंही चुकला नव्हता, याचं मला थोडं वाईटच वाटलं.

गेल्या वर्षी पावसाळ्यात प्रकरण पेटलं. आक्कांचा मुलगा विरारला असतो. त्याचा फोन आला: आई भिंती धरत चालते असं कळलंय, एकदा चढावर पडली तर कोण बघणार; दसऱ्याला येतो, बाजार स्वतःचा स्वतः करून आलीस तर राहा, नाहीतर घराला कुलूप लावून माझ्याबरोबर चल. मुलगा वाईट नाही. काळजी खरी होती.  पण तिसऱ्या दिवशी आक्का मामांना म्हणाल्या, "मोजनीवाल्या, नवव्या माळ्यावर नेऊन ठेवनार मला. तिथनं खाली बघू काय? नातवंडं शाळंत, सून हापिसात, नि मी भांड्यांसारखी मांडनीवर."

मामांनी टेप काढली. चार दम म्हणजे मधे तीन ठिकाणी बसायची सोय. तीन दगडी कट्टे. उंची आक्कांच्या गुडघ्यावरून घेतली: सतरा इंच. जागा त्यांच्या पावलांवरून. आता, दुसऱ्या कट्ट्याची जागा नेमकी माझ्या दारात, जिथं माझी स्कूटर उभी असते तिथं येत होती. मी म्हटलं, मामा, सहा फूट वर घ्या. "सहा फूट म्हणजे आक्कांची पाच पावलं. ती पाच तुम्ही चालणार का त्यांच्यातर्फे?" स्कूटर तेव्हापासून मागच्या बाजूला असते. आळीतल्या बाकीच्यांनीही कुरकुर केली. बसायला केलं की दारुडे बसतील, म्हणाले. मामा म्हणाले, "बसू देत. दारुड्यालाही सतरा इंचावरून पडणं बरं." नवरात्राच्या आधी कट्टे झाले. आणि मग मामांनी स्वतःच्या हातानं, लाल ऑइलपेंटनं, सुबक अक्षरांत तिन्ही कट्ट्यांवर नाव घातलं: विसावा क्र. १, विसावा क्र. २, विसावा क्र. ३.

सहा दिवस मी माझ्या खिडकीतून दुसऱ्या कट्ट्याची मोजदाद केली. बसलेली माणसं: शून्य. शेळ्या: दोन. कुत्रा: एक, तोही बसला नाही. आक्का तर कट्टा आला की पदर सावरून पलीकडच्या बाजूनं जायच्या आणि पूर्वीसारखी भिंत धरायच्या. शेवटी मामांनी तिठ्यावर सगळ्यांना गाठून जाब विचारला. तेव्हा तात्या बोलले. हे तात्या आळीतले निवृत्त एसटी ड्रायव्हर. "बसलो असतो रे मामा. पन विसाव्यावर टेकवल्यावर पुढं उचलायला चार मानसं लागतात. ती कुठनं आनू?"

तेव्हा कुठं मामांच्या डोक्यात प्रकाश पडला. स्मशानाच्या वाटेवर तिरडी खाली टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात, त्या जागेला विसावा म्हणतात. हे मामांना माहीत नव्हतं असं नाही. स्वतःच्या वडिलांची तिरडी त्यांनी तिथं टेकवली होती. पण रंगाचा डबा हातात आला की माणूस वाङ्मयीन होतो. "पुण्यात बंगल्यांवर लिहितात की विसावा!" ते म्हणाले. आक्का म्हणाल्या, "पुन्यात लिवू देत. तिथं कोन कोनाला बस म्हनतं? मला चौघं आनून ठेवतील तवा बघू. चालत येऊन मी त्याच्यावर बसायची नाय." दसरा चार दिवसांवर आला होता.

मामांनी एक आख्खी दुपार ब्लेडनं अक्षरं खरवडली. मग प्रश्न आला, नाव काय? काहीच नको, असं मी सुचवलं. तात्या म्हणाले, "नुसता कट्टा असला तर म्हातारा बसला की जो तो इचारतो, काय झालं, चक्कर आली काय. उगाच लाज. एसटीची वाट बघत बसलेल्याला मात्र चाळीस वर्सांत कोनी इचारलेलं मी बघितलं नाय." मामांनी रंगाचा डबा पुन्हा काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही कट्ट्यांवर पाटी होती: विनंती थांबा.

आमची आळी पाच फूट रुंद आहे. रिक्षासुद्धा शिरत नाही. पण त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्या दारातल्या कट्ट्यावर अकरा माणसं बसून गेली. "काय तात्या, कुठं?" "मुंबई." "गाडी?" "लेट हाय."

दसऱ्याला मुलगा आला. आक्का पिशवी घेऊन निघाल्या, तो मागून. जाताना उतार होता, त्याचं कौतुक नाही. येताना पिशवीत झेंडूची फुलं, दोन किलो साखर, नारळ. पहिल्या कट्ट्यावर बाई बसल्या. दुसऱ्यावर बसल्या, तेव्हा मी खिडकीत उभा होतो आणि मामा माझ्यामागे. मुलानं पाटी वाचली. "आई, इथं कुठली एसटी येते?"

"येत नाय म्हनूनच निवांत बसता येतं," आक्का म्हणाल्या. "तू दमलास तर टेक, सुकलायस बघ."

तो टेकला. घाम त्यालाच जास्त आला होता. आक्कांचा हात भिंतीला एकदाही लागला नाही. मी शेवटपर्यंत पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच परत निघाला. आळीच्या तोंडाशी गाडी होती. आक्का पिशवी शेजारी ठेवून सगळ्यात खालच्या कट्ट्यावर बसून बघत होत्या. गाडी हायवेला लागली, वळली, दिसेनाशी झाली, तरी त्या उठल्या नाहीत. सोबत दिलेली लोणच्याची बरणी गाडीत आडवी तर झाली नसेल ना, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, उभीच ठेवली आहे, मी पाहिली आहे.

मामा पुढं झाले. "दम लागला का आक्का?"

"नाय रे. दम नाय." त्यांनी पदरानं डोळे पुसले, पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारी जागा केली. "बस जरा."