न वाचता टाकलेला अंगठा

आमच्या डोंबिवलीच्या कंपनीने सगळ्यांचा पगार कापायचं ठरवलं आणि साहेबांनी ते ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. आमच्याकडे साहेबांचा मेसेज आला की न वाचता अंगठा टाकायची पद्धत आहे. चौदा जणांनी टाकला, त्यात मीही.

पुढच्या महिन्यात पगार कमी आल्यावर सगळे हबकले. शेवटी मीच कोपरीतल्या एका वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "असा परस्पर पगार कापता येत नाही, आधी रीतसर नोटीस द्यावी लागते. लेखी हरकत घ्या, मग कामगार आयुक्तांकडे जाऊ. कोणी संमती तर दिली नाही ना?" मी फोन पुढे केला. त्यांनी कपाळाला हात लावला. "याला ते संमतीच म्हणणार. आता तरी लवकर हरकत घ्या."

ऑफिसात येऊन मी सगळ्यांना झापलं, "अरे, वाचत जा रे जरा." मग अख्खा रविवार घालवून हरकतीचं पत्र लिहिलं आणि साहेब नसलेल्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "नीट वाचा, उद्या सह्या करायच्या आहेत."

दोन मिनिटांत तेरा अंगठे आले. दुसऱ्या दिवशी पत्र पुढे केलं, तर पहिलाच म्हणाला, "हे कसलं पत्र?"