पंचफुलाबाईंच्या घरातले सम्राट

१९३६ साली इंग्लंडच्या गादीवर एका वर्षात तीन राजे झाले, आणि तिघांचाही त्रास नागपुरात महाल वस्तीतल्या पंचफुलाबाई भोयर यांना झाला.

पंचफुलाबाई मुलींच्या एका मराठी शाळेत चौथीला इतिहास शिकवत. माहेर मौद्याकडचं, शेतकऱ्याचं. त्या घरातून मास्तरणीच्या परीक्षेपर्यंत पोचलेल्या त्या एकट्याच. सासरी नवरा मार्तंड, सेक्रेटरिएटात कारकून, आणि सासरे रामाजी. रामाजींनी कमिश्नरच्या कचेरीत तीस वर्षं चपराशाचं काम केलं होतं. १९११ साली साहेबांच्या सामानाबरोबर ते दिल्ली दरबाराला गेले. राजा-राणी उठून गेल्यावर लोकांनी रिकाम्या सिंहासनापुढे डोकं टेकलं, त्यात रामाजींचंही डोकं होतं. परत आले ते पाचव्या जॉर्जची तसबीर घेऊनच. ती त्यांनी देवघरात बालाजीच्या शेजारी लावली. राजा म्हणजे विष्णूचा अंश, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. पंचवीस वर्षं रोज सकाळी बालाजीला फूल आणि जॉर्जला फूल.

जानेवारीत राजा वारल्याची बातमी आली, तेव्हा पंचफुलाबाईंच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पाच दिवस उरले होते. आळीत बोलावणी झाली होती. तिळगूळ डब्यात भरून तयार होता.

रामाजी डोकं भादरून घरी आले आणि म्हणाले, "सूनबाई, दहा दिवस फोडणी बंद."

"मामाजी, राजा आपल्या गोत्रातला होता का?"

"राजाले गोत्र नसते. सारी रयत त्याची लेकरं."

मार्तंडरावांनी बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. बापापुढे ते कधी बोलले नव्हते, आणि सरकारी राजाच्या सुतकाविरुद्ध तर सरकारी कारकून बोलणारच नाही. पंचफुलाबाईंनी घरोघर जाऊन बोलावणी मागे घेतली. प्रत्येक दारात कारण सांगावं लागलं आणि प्रत्येक दारात हसं झालं. दहा दिवस बिनफोडणीचं वरण खाऊन त्यांचं डोकं दुखत राहिलं.

उन्हाळ्यात आठव्या एडवर्डची तसबीर आली. तीही देवघरात गेली. रामाजी म्हणत, पोरगा देखणा आहे, बापाचं नाव राखील.

डिसेंबरात एका संध्याकाळी मार्तंडराव कचेरीतून आले ते घामाघूम होऊन. नव्या राजानं गादी सोडली, असं त्यांनी हळूच बायकोला सांगितलं, आणि बाबांना तूच सांग म्हणून हात धुवायला गेले. असली कामं नेहमीच पंचफुलाबाईंच्या वाट्याला येत.

"मामाजी, राजानं गादी सोडली."

"सोडली म्हणजे? मेला का?"

"नाही जी. जिता आहे. त्यानं कागदावर सही करून देल्ली."

"काहून?"

"एका बाईशी लगन करायचं होतं. ती दोन नवरे केलेली होती, म्हणून ते लोक करू देत नव्हते."

रामाजींनी देवघराकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "मंग आता सुतक धराचं का नोको?"

पंचफुलाबाईंनी चिडून बोलायला तोंड उघडलं होतं, पण म्हाताऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"कमिश्नर साहेब राजीनामा देते, समजलं," रामाजी म्हणाले. "तलाठी देते. देव राजीनामा देते, असं मी कुठी आयकलं नाही."

आठवडाभर ते नीट जेवले नाहीत. आठव्या दिवशी त्यांनी दोन्ही तसबिरी उतरवल्या, कुंकू-अक्षता वाहिल्या आणि विसर्जनाला निघाले. देवघरात बसवलेली वस्तू रद्दीत टाकता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मार्तंडराव दारात आडवे आले. "बाबा, कोणी पायलं तं माही नोकरी जाईन."

"मंग तू नोको येऊ," रामाजी म्हणाले.

शेवटी पंचफुलाबाई बरोबर गेल्या. भर दुपारी, जुम्मा तलावावर. रामाजींनी हात जोडले आणि तसबिरी पाण्यात सोडल्या. चौकटी सागवानी होत्या. दोन्ही सम्राट बुडाले नाहीत. वाऱ्यानं पुन्हा काठाला येऊन लागले. रामाजींनी लोटले, ते पुन्हा आले. पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका बघू लागल्या. पंचफुलाबाईंनी लुगडं खोचलं, गुडघाभर पाण्यात उतरल्या, चौकटींवर एक मोठा दगड ठेवला आणि त्या खाली जाईपर्यंत दाबून धरला. गार पाण्यानं पाय बधिर झाले.

एवढ्यावर हे सारं थांबायला हरकत नव्हती. पण जानेवारीत चौथीच्या पुस्तकात नागपूरचं राज्य खालसा झाल्याचा धडा आला. पंचफुलाबाईंनी पुस्तकातलंच सांगितलं: तिसरे रघुजी डिसेंबरात वारले, मुलगा नव्हता, दत्तक मंजूर झाला नाही, राज्य कंपनीकडे गेलं.

वच्छला नावाची मुलगी उभी राहिली. "बाई, आता विलायतच्या राजानं गादी सोडली. तोबी डिसेंबरच. त्यालेबी मुलगा नाही. मंग त्याचं राज्य काहून नाही गेलं?"

"त्याचा भाऊ बसला."

"आपल्या राजाच्या वेळी बी घरचे लोक होतेच ना?"

"होते."

"मंग?"

वर्षभराचा शीण एकदम वर आला आणि पंचफुलाबाई खरं ते बोलून गेल्या. "आपल्या डोक्यावर राज्य काढून घेणारं कोणी होतं. त्यांच्या डोक्यावर कोणी नाही. बस खाली."

वच्छलाचे वडील रुपराव यांना त्या वर्षी सरकारकडून रायसाहेब हा किताब मिळण्याची आशा होती. मुलीनं घरी जाऊन धडा म्हणून दाखवला आणि तिसऱ्या दिवशी शाळेवर तक्रार आली. पाठोपाठ वरून लेखी खुलासा मागवला गेला.

मार्तंडराव म्हणाले, माफी लिहून दे. पंचफुलाबाईंनी एक पान लिहिलं. राजा वारला, मुलगा नव्हता, दत्तक नामंजूर, राज्य खालसा. हे मंजूर पुस्तकात आहे. राजाने गादी सोडली, मुलगा नव्हता, भाऊ बसला. हे सरकारी जाहीरनाम्यात आहे. यात चूक असल्यास कळवावी.

चूक कोणी कळवली नाही. इतिहास मात्र काढून घेतला आणि त्यांना शिवणाचा वर्ग दिला. शिवण त्यांना लहानपणापासून आवडत नसे.

मुख्याध्यापिका इंदुताईंनी त्यांना खोलीत बोलावून एक लांबलचक मखमली पडदा पुढे ठेवला. राज्याभिषेकाच्या समारंभासाठी मुलींनी चार महिने बसून त्यावर जरीनं अक्षरं भरली होती: सम्राट आठवे एडवर्ड.

"तारीख तीच राहिली आहे, बारा मे," इंदुताई म्हणाल्या. "राजा तेवढा बदलायचा."

"नवी मखमल मिळणार नाही का?"

"नाही. उसवून घ्या. 'सम्राट' राहू द्या."

पंचफुलाबाईंनी फेब्रुवारी आणि मार्च एडवर्ड उसवण्यात घालवले. जरीचे टाके निघाले, पण सुईची भोकं राहिली. त्यावर सहावे जॉर्ज भरले, तरी कडेनं आठव्याचा आठ डोकावत राहिला.

"लांबून दिसत नाही," इंदुताई म्हणाल्या.

"जवळून दिसते," पंचफुलाबाई म्हणाल्या. "मले जवळूनच पाहा लागते ना."

बारा मेला सुटी असूनही मुलींना सकाळी आठला बोलावलं. पाहुणे साडेदहाला आले. तोवर ऊन असं झालं होतं की चार मुली भोवळ येऊन पडल्या. पंचफुलाबाई त्यांना सावलीत नेऊन कांदा हुंगवत होत्या, तेवढ्यात गरम वारा सुटला आणि पडदा दांडीभोवती गुंडाळला गेला. सोडवायला कोणी गेलं नाही. भाषणं झाली, पेढे वाटले. रुपराव पहिल्या रांगेत होते. रायसाहेब ते पुढेही झाले नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडली. इतिहास ज्यांना दिला होता त्या शोभाताईंनी तब्येतीचं कारण सांगून तो विषय सोडला. दुसरं कोणी घ्यायला तयार नव्हतं. इंदुताईंनी कसलाही हुकूम न काढता पुस्तक पंचफुलाबाईंच्या टेबलावर ठेवलं आणि निघून गेल्या.

त्या पुस्तक घरी घेऊन आल्या. रामाजी पडवीत बसले होते. देवघरातली जागा मोकळी झाल्यापासून ते सकाळी लवकर मोकळे होत आणि दिवसभर त्यांना काय करावं कळत नसे. पुस्तक पाहून त्यांनी विचारलं, "काय लिहिलं आहे वं त्यात, राजाईचं?"

स्वयंपाक व्हायचा होता. तरी पंचफुलाबाई बसल्या आणि रोमच्या बादशहांचं पान वाचू लागल्या. बादशहा मेला की तिथली मोठी सभा भरे आणि त्याला देव करायचा की नाही याचा ठराव होई. काहींना देव केलं, काहींची नावं दगडांवरून खोडून टाकली.

"थांब," रामाजी म्हणाले. "मेल्यावर ठरवत?"

"हो जी. मेल्यावर."

"हे बराबर आहे. पुरा पाहून घ्याचा, मंग देव कराचा." थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, "आपण घाई केली."

"तुमी केली," पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि पान उलटलं.