अर्धी कादंबरी वाचणारी बाई

रत्नागिरीत स्वखर्चाने छापलेली माझी कादंबरी मी मुंबईच्या नातेवाइकांना हापूसच्या पेट्यांतून पाठवली. चुलतभावाचा फोन आला.

"आंबे फर्मास हो, दादा!"

"आणि पुस्तक?"

"पेंढ्यात होतं ते? सापडलं, सापडलं."

पुढे एका अनोळखी बाईंनी ऑनलाइन अभिप्राय लिहिला: सुरुवात आवडली, पण अर्ध्यावर कंटाळा आला. मी तिथेच त्यांना अरसिक म्हटलं, आणखीही बरंच बोललो. दुसऱ्या दिवशी त्यांनी अभिप्राय काढून टाकला. तेव्हा लक्षात आलं, माझं पुस्तक अर्धं तरी वाचलेलं ते एकच माणूस होतं. माफी मागायला त्यांचा पत्ताही माझ्याकडे नाही.

स्वतः पुस्तक काढणाऱ्यांना एवढंच सांगतो, टीका वाचाल त्या दिवशी उत्तर देऊ नका. पुस्तकाखालची अभिप्रायांची जागा अजून रिकामी आहे.