रेसिंग पॅकेजमधला मॅनिफोल्ड

ऐंशीच्या दशकात मी दोन दारांची स्पोर्ट्स कार घ्यायला निघालो, तेव्हा अख्ख्या उद्यमनगरानं मला वेड्यात काढलं. आमची बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची फौंड्री. फौंड्रीवाल्यानं घ्यायचा तर ट्रक घ्यावा, असं सगळ्यांचं म्हणणं.

त्यात शोरूममधल्या सेल्समननं रेसिंग पॅकेजचं टुमणं लावलं. कंपनीतूनच येणारा जादा कार्बोरेटर, कडक स्प्रिंगा आणि धूर झटक्यात बाहेर टाकणारा मॅनिफोल्ड. किंमत ऐकून मी उडालोच. तेवढ्या पैशात आमच्या मेव्हण्याला ट्रॅक्टर आला असता!

"हेच बाहेर बनवून बसवलं तर?" मी विचारलं.

तो हसला. "पावणं, लोकल माल लावून गाडीचं वाटोळं करू नका. हात लावून बघा की. असलं बीड आपल्याकडं कोण ओततंय?"

त्यानं खोक्यातला मॅनिफोल्ड माझ्या हातात दिला. खोटं कशाला बोलू, मलाही मोह पडला. पण खालच्या कडेवरून बोट फिरलं आणि अडलं. तिथं खळगा होता, नखाएवढा. आमच्या फौंड्रीत वाळूत मॅनिफोल्डचा ठसा उठवायच्या लाकडी साच्याचा तिथलाच टवका उडाला होता. तेव्हापासून त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नगाला तो यायचा. माल पुण्याचा एक व्यापारी उचलायचा. पुढं कुठं जातो, आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

"मग, घालायचं न्हवं पॅकेज?" सेल्समननं विचारलं.

मी मॅनिफोल्ड खाली ठेवला.

"नको," मी म्हणालो. "लोकल माल मी लावत न्हाय."