पणजोबांचं खरं आडनाव

गेल्या मार्चमध्ये माहूरच्या रेणुकामातेवरचा माझा विश्वास चांगलाच डळमळला, आणि कारण होती माझीच जीभ. ही जीभ नागपूरहून अमेरिकेत फ्रीमाँटला आली तेव्हा विमान एका बाजूला कललं होतं, असं आमची ही सांगते.

आमच्या लेकाचं, ओंकारचं लग्न एमी लीशी ठरलं होतं. पोरगी इथेच जन्मलेली, चिनी घराण्यातली. तिला वाढवलं आजोबांनी. त्यांना ती येये म्हणते, म्हणून आम्हीही. वय नव्वद. गुरुजी म्हणाले, कन्यादानाच्या संकल्पात मुलीच्या वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं नाव घ्यावं लागतं. मग काय! चिवड्याचा डबा आणि वही घेऊन मी येयेंकडे. पणजोबांचं नाव काय? मूळ गाव कोणतं? घराला खोल्या किती? विहीर कुठल्या अंगाला? आपल्याकडे सोयरिकीत एवढं विचारलं नाही तर माणसं म्हणतात, आपुलकी नाही. येये पांढरे पडले. उठले, डबा माझ्या हातात परत दिला आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी एमीचा फोन. "काका, व्हॉट डिड यू आस्क हिम? येये लग्नाला येणार नाही म्हणतात. ते नसतील तर मीपण मांडवात उभी राहणार नाही."

मग तिनेच सगळं सांगितलं. तिचे पणजोबा आले तेव्हा चिनी माणसांना या देशात यायला बंदी होती. फक्त इथल्या नागरिकांच्या मुलांना सोडायचे. म्हणून ते ली नावाच्या परक्या माणसाचा मुलगा असल्याचे कागद घेऊन आले. बंदरावर त्यांना कोंडून साहेबांनी आठवडे न् आठवडे उलटतपासणी केली. गाव कोणतं? खोल्या किती? विहीर कुठे? एक उत्तर चुकलं की परतीची बोट. सुटल्यावरही धाक गेला नाही. खरं आडनाव घराबाहेर काढायचं नाही, अशी शपथ त्यांनी लेकाला घातली. आणि मी नेमके तेच प्रश्न घेऊन, चिवड्यासकट, हजर!

मी देवीपुढे बसलो. "आई, मायेनं विचारलं गं," म्हटलं. समईची वातसुद्धा हलली नाही. ओंकार घरात माझ्याशी बोलेना. पहिल्यांदाच वाटलं, पलीकडे कुणी ऐकत नसावं.

एप्रिलमध्ये त्यांचा पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करायचा दिवस आला. एमीचे वडील आणि ओंकार परगावी, तिचा पाय मुरगळलेला. नाइलाजानं तिनं मला ड्राइव्ह करायला बोलावलं. येये मागच्या सीटवर मांडीवर संत्री घेऊन खिडकीबाहेर बघत बसले. खाडीवरचा पूल ओलांडून कोल्मा गावापर्यंत तासभर मी एक शब्द बोललो नाही. हिला हे अजून खरं वाटत नाही.

दफनभूमीत धुकं, आणि दगड तर अख्ख्या विदर्भाला पुरतील एवढे. येयेंना मोतीबिंदू, त्यात चिनी बोलता आलं तरी वाचता त्यांनाही कधी आलं नाही आणि एमीलाही. थडगं काही सापडेना. येये धापा टाकत कडेला बसले. तेव्हा मी मनात म्हटलं, आई, माझ्या हातून होतं ते सगळं बिघडवून झालं. आता तू बघ. मी विचारणार नाही, सांगणारही नाही.

हातात खराटा घेतलेली, लाल स्वेटरवाली एक म्हातारी समोर आली. येयेंशी त्यांच्या भाषेत दोन शब्द बोलली, त्यांचा हात धरून चार रांगा पलीकडे नेलं आणि आम्हाला कळावं म्हणून इंग्रजीत वाचू लागली. "वर इंग्रजीत ली. खाली चिनीत चॅन यू-सिंग. गाव तैशानकडचं."

येये थिजले. ज्या बापानं शपथ घातली, त्यानंच दगडावर खरं नाव कोरून घेतलं होतं!

"घाबरता काय, दादा?" म्हातारी हसली. "इथल्या कितीतरी दगडांवर असंच आहे. माझ्या आजोबांच्याही. आणि मीसुद्धा चॅनच." झाडता झाडता ती सांगत गेली. अडीच हजार वर्षांपूर्वी चीनच्या मध्यभागी त्या नावाचं एक चिमुकलं राज्य होतं. शेजाऱ्यानं ते गिळलं. लोकांनी मग राज्याचंच नाव आडनाव म्हणून लावलं आणि ते पिढ्यान् पिढ्या दक्षिणेकडे सरकत समुद्रापर्यंत आले. तिथून बोटीनं इथे. "राज्य गेलं तरी नाव उरलं. एका कागदानं काय जाणार आहे?"

येये लहान मुलासारखे रडले. मग डोळे पुसून माझ्याकडे वळले. "आणि तुमच्या पणजोबांचं नाव?"

लग्नाकार्यांत मी सांगत आलोय की आमचे पणजोबा भोसल्यांच्या हत्तीवर बसायचे. त्या दगडापुढे जीभ रेटेना. "आजोबांपुढचं मला माहीत नाही," मी म्हणालो. "गुरुजींच्या कागदावर नाव मी मनानंच घातलंय."

"म्हणजे तुम्हीही कागदीच!" येये ठसका लागेपर्यंत हसले आणि सोललेलं संत्रं त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. वळून बघतो तर म्हातारी धुक्यात दिसेनाशी झाली होती. बाई शेजारच्या रांगेत गेली असेल, मी वाद घालत नाही. एरवी मी गोष्टीत पोत्यानं तिखटमीठ घालतो, पण या गोष्टीत चिमूटभरही घातलेलं नाही.

मे महिन्यात मांडवात गुरुजींनी विचारलं, तेव्हा येये एमीच्या खांद्याचा आधार घेऊन उभे राहिले आणि आपल्या बापाचं नाव त्यांनी एवढ्या मोठ्यानं घेतलं की माईकवाला दचकला. गोत्र माहीत नाही म्हणून गुरुजींनी रिवाजाप्रमाणे काश्यप लावलं. माझ्या पणजोबांच्या जागी विष्णूचं नाव घेतलं. मी मान खाली घालून हात जोडले.

आता रोज देवीपुढे बसतो तो काही न मागता, काही न सांगता. पाच मिनिटं जमतं. सहाव्या मिनिटाला येयेंचा फोन येतो, आणि एवढं बोलायला आईची माझ्यावर सक्ती आहे असं मी समजतो.