वारलेल्यांची वर्गणी

आमच्या गावच्या नाटक मंडळाची घटना मी पहिल्यांदा वाचली ती तिनं मला मंडळाबाहेर काढल्यावर. त्याआधी ती वाचायची गरज कुणालाच पडली नव्हती. मंडळ गावाचं, गाव आपलं, त्यात वाचायचं काय?

आमचं गाव झाडीपट्टीतलं, वडशापासून फार लांब नाही. धान घरात आलं की इकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक असतंच. लेकी माहेरी येतात, जावई येतात, वर्षभर ज्यांच्याशी बोलणं नसतं तेही पाहुणे म्हणून येऊन मटण खाऊन जातात. पूर्वी गावातलीच माणसं नाटकात कामं करत. आमचे हे कधी तोंडाला रंग लावून उभे राहिले नाहीत. पडद्याआड वही घेऊन बसत आणि जो विसरेल त्याला वाक्य पुरवत. पुढे वडशाच्या कंपन्यांची नाटकं आणायची रीत पडली, तरी मंडळ राहिलं. नाटक ठरवणं, मांडव घालणं, गावातल्या लग्नाला आणि तेरवीला मोठी भांडी देणं, सगळं मंडळाकडे. वर्गणी घरटी. कुणी पायलीभर धान टाकायचा, कुणी पैसे. घर एक, वर्गणी एक, बोलायचा हक्क एक. मग त्या घरातून म्हातारा येवो, पोरगा येवो की सून येवो, कुणी विचारत नसे.

मग सभागृहाची टूम निघाली. सरकारी निधी मिळेल, पक्का रंगमंच होईल, पण त्यासाठी मंडळ नोंदलेलं पाहिजे, आणि नोंदवायचं तर घटना पाहिजे. वडशात एक निवृत्त कारकून संस्थांच्या घटना करून द्यायचे. त्यांनी कुठल्या तरी शाळेच्या संस्थेची घटना उचलली आणि वर आमच्या मंडळाचं नाव टाकलं. उतरवताना एवढी घाई, की आमच्या उद्दिष्टांत ‘विद्यार्थी वसतिगृहाची देखभाल’ तशीच राहून गेली. आमच्या नाटक मंडळाला आजही कागदोपत्री वसतिगृह सांभाळायचं आहे.

त्या घटनेनं गावाच्या पंक्ती पाडल्या. पहिल्या पाटावर आश्रयदाते, मग आजीव सभासद, मग साधारण सभासद आणि सगळ्यांच्या मागे, दाराशी, हितचिंतक. आश्रयदात्यानं एकदा मोठी रक्कम दिली की झालं. आजीव सभासदानंही एकदाच, जरा कमी. साधारण सभासदानं दरवर्षी भरायचं. हितचिंतकानं काहीच भरायचं नाही. सभेला यायचं, बसायचं आणि गप्प राहायचं. आश्रयदाते झाले वडशाचे एक राईस मिलवाले शेठ, आणि तेच अध्यक्ष झाले. आजीव सभासद झाले त्यांच्या बैठकीतले चारसहा जण, एक मंडप-डेकोरेशनवाला त्यांचा साळाही. गाव झालं साधारण. मंदिरासमोर सभा घेऊन हे वाचून दाखवलं तेव्हा सगळे हसले होते. आमचे हेही घरी येऊन म्हणाले, आज आपण साधारण झालो. मीही हसले. शेठनं पैसा दिला होता, हे खोटं नाही. पण पाया गावानं खणला, विटा गावानं वाहिल्या, आणि छतावर सिमेंटचा माल चढवायच्या दिवशी गावात एकही धडधाकट माणूस शेतावर गेला नव्हता. त्या घामाचा सभासदवर्ग घटनेत नाही. मी नंतर शोधून पाहिला.

सभागृह उभं राहिलं आणि काही वर्षं बरी गेली. लग्नं तिथं, तेरव्या तिथं, मंडईचं नाटक तिथं. गावातल्या माणसाला भाडं नाही, फक्त झाडून द्यायचं.

एका साली रोवणीच्या दिवसांत हे गेले. ताप आला, धानाच्या बांदीतून घरी आले आणि चार दिवसांत संपलं. त्याच साली मंडईच्या आधी सचिव वर्गणीला आला. सचिव गावातलाच, यांच्या बरोबरीचा, मला वैनी म्हणणारा. पावती फाडताना त्याचा हात थांबला. नाव कोणाचं लिहू, असं विचारायला त्याला जड जात होतं.

मीच म्हटलं, “घर ज्याचं हाय त्याचंच लिवा, भाऊ.”

त्यानं यांचं नाव लिहिलं. पुढेही दरवर्षी तेच. आमच्याकडे घर असंच ओळखलं जातं. घरधनी जाऊन दहा वर्षं झाली तरी घर त्याचंच असतं, पोरं मोठी होऊन बाप झाली तरी. मी काही एकटी नव्हते. पलीकडच्या म्हातारीची पावती तिच्या सासऱ्याच्या नावानं फाटायची, आणि तो सासरा मी डोळ्यांनी पाहिलेलाही नाही. शिवाय खरं सांगते, मला ते बरं वाटायचं. तोवर मी नवऱ्याचं नाव कधी घेतलेलं नव्हतं. आमच्या पिढीत घेत नसत. वर्षातून एकदा दुसऱ्या कुणी ते नाव निळ्या शाईत लिहून माझ्या हातात द्यावं, याला कुणी चूक म्हणत असेल तर खुशाल म्हणो.

गेल्या काही वर्षांत वडशाच्या आजूबाजूला लग्नाच्या लॉनचं पीक आलं. शेठच्या साळ्यालाही लॉन पाहिजे होतं, पण जमीन महाग. सभागृह तयार होतं, रस्त्याला लागून, समोर गाड्या लावायला मैदान. एका सर्वसाधारण सभेची दवंडी झाली आणि विषय कळला: सभागृह तीन वर्षांच्या करारानं चालवायला द्यायचं. तीनच वर्षं का, हेही नंतर कळलं. त्याहून जास्त मुदतीला वरच्या कार्यालयाची परवानगी लागते. तीनवर तीन, तीनवर तीन करत माणूस जन्म काढू शकतो, परवानगी लागत नाही. घटनेत असंही लिहिलं होतं की पदाधिकाऱ्यानं संस्थेच्या मालमत्तेतून फायदा घेऊ नये. साळा पदाधिकारी नव्हता. साळा साळा होता.

सभेला सगळं गाव आलं. चहा झाला, आलुबोंडे झाले. अध्यक्षांनी तोंडात तंबाखूचा खर्रा घोळवत घोळवत करार वाचला. गावातल्या कार्यक्रमांना सवलतीच्या दरात सभागृह मिळेल, असं त्यात होतं. आपल्याच घरात आपल्याला सवलत! माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. पुरुषांपैकी कुणीतरी उठेल म्हणून मी वाट पाहिली. अर्ध्यांचं धान शेठच्याच मिलवर जातं, कोण उठणार? मग मीच उठले. म्हटलं, हे पटत नाही, हॉल गावाचा आहे आणि आमचं मत विरोधात आहे.

अध्यक्ष रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

“तुम्ही मेंबर हाव का, बाई?”

हो म्हटलं.

“कोणत्या नावानं?”

साऱ्या गावासमोर, ज्या रंगमंचाच्या पायासाठी यांनी माती उपसली तिथं उभी राहून, मी आयुष्यात पहिल्यांदा यांचं नाव घेतलं. मागे बायकांमध्ये कुणीतरी पदर तोंडाला लावला, ते मला दिसलं.

सचिव रजिस्टरातून मान वर न काढता म्हणाला, “वैनी, ते तर वारले ना.”

“वारलेल्या मानसाचं मत कसं धरता येईन?” अध्यक्ष म्हणाले. तेही अगदी प्रेमानं, लहान पोराला समजावल्यासारखं.

मग त्यांनी कलमं वाचली. साधारण सभासद ही व्यक्ती असते, घर नव्हे. व्यक्ती वारली की सभासदत्व संपतं, वारसाकडे जात नाही. पलीकडची म्हातारी म्हणाली, मग जिवंत आहेत त्यांचं काय? त्याचंही कलम निघालं. वर्गणी जूनअखेर भरली पाहिजे. न भरल्यास सभासदत्व आपोआप रद्द, आणि नंतर आलेली रक्कम देणगी समजावी. जूनमध्ये आमच्याकडे बी-बियाण्याला पैसा नसतो, वर्गणी कोण भरणार? आम्ही सगळे धान निघाल्यावर, मंडईला भरायचो. घेणारा हसून घ्यायचा. म्हणजे मेलेले मरून गेले आणि जिवंत होते ते उशिरा भरून गेले. मत द्यायला उरले आश्रयदाते आणि आजीव.

हात वर झाले. साळ्यानं सभ्यपणे स्वतःचा हात वर केला नाही. सचिवानं लिहिलं, ‘ठराव एकमतानं मंजूर’. अख्खं गाव तिथं बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी सचिवाकडून घटनेची झेरॉक्स आणली आणि पहिल्यापासून वाचली. हिशेबाचे नियम कडक होते, हे कबूल करते. बँकेत दोघांच्या सह्या, दरवर्षी लेखापरीक्षण, रोख किती जवळ ठेवायची त्याची मर्यादा. एक रुपया इकडचा तिकडे होणार नाही असा बंदोबस्त, आणि सभागृह अख्खं उचलून न्यायला मधोमध रस्ता. पण माझं रक्त तापलं ते दुसऱ्याच ओळीला. आश्रयदाते वारल्यास त्यांनी नेमलेली व्यक्ती त्यांच्या जागी आश्रयदाता होईल, असं होतं. म्हणजे शेठचं मरण मरण नाही. मरण फक्त साधारणाचं. ही ओळ गावानं ऐकली होती, आम्ही त्यावर हसलोही असू. मला त्या कारकुनाचा राग आला, शेठचा आला, सचिवाचा तर फारच. पावती फाडताना त्याला हे माहीत नव्हतं, असं तो म्हणतो. मी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि ठेवला तरी राग जात नाही.

नव्यानं सभासद व्हायला दोन मताधिकारी सभासदांची शिफारस लागते. असे सभासद होते कोण, तर तेच. गाव म्हणालं, थुंकू त्या मंडळावर, आपण दुसरं काढू. महिनाभर दुसऱ्या मंडळाची बोलणी झाली. मग धान कापणी आली आणि बोलणी बांदीत गेली.

मी ठरवलं आणि राईस मिलवर गेले. कोंड्याच्या धुळीत बराच वेळ बाहेर उभी राहिले. आपल्याच मंडळात आपल्याला घ्या, असं ज्यानं ते नेलं त्यालाच सांगायचं होतं. जाऊबाई तर सरळ म्हणाली होती, लाज विकली का तू. अर्ज पुढे केला तेव्हा शेठ खूश झाले.

“आता समजदारीचं काम केलं, बाई. आपल्याले बी एक महिला पाहिजेच होती.”

निधीच्या कुठल्याशा अर्जात स्त्री सभासद दाखवावी लागत होती, ते नंतर समजलं. एक सही त्यांनी केली, एक साळ्यानं. वर्गणी मी एप्रिलमध्येच भरली, बांगडी मोडून, आणि पुढेही दरवर्षी जूनच्या आधीच. गावातल्या बाकीच्यांनीही माझ्यामागे अर्ज दिले. ते ‘विचाराधीन’ आहेत. कारण न सांगता विचाराधीन ठेवण्याचा अधिकार कार्यकारिणीला आहे, कलम आहे त्यालाही.

तीन वर्षं संपली आणि करार नव्यानं करायची सभा यंदा झाली. गाव आलंच नाही. आता गावात त्याला सभागृह म्हणत नाहीत, लॉन म्हणतात. खुर्च्यांना पांढरे झगे घातलेले होते. ठराव वाचला गेला, हात वर झाले. विरोधात कुणी, असं अध्यक्षांनी पंख्याकडे पाहत विचारलं, आणि मी हात वर केला. सचिवाचं पेन थांबलं.

“एकच तं हाय,” अध्यक्ष म्हणाले. “एकमतानं लिहून टाक.”

मी उठून सचिवाच्या टेबलाशी गेले. सभागृह वाचणार नव्हतं, ते मला कळत होतं. पुढल्या तीन वर्षांनीही वाचणार नाही.

“एकमतानं नाई, भाऊ,” मी म्हटलं. “विरोधात एक, असं लिवा. आन त्याच्यापुढं माह्यं नाव लिवा. माह्यं.”

त्यानं अध्यक्षांकडे पाहिलं. मी तिथून हलले नाही. मग त्यानं लिहिलं. मी ते वाचून पाहिलं आणि घरी आले.